दोन घरचा पाहुणा



गोष्ट माझ्या घरातली आहे. पण ती उद्या तुमच्याही उंबऱ्याशी येऊ शकते, म्हणून सांगतो.

२०२४ च्या नोव्हेंबरातली विधानसभेची निवडणूक. माझ्या नातीचे ते पहिलेच मतदान. मतदानाच्या चिठ्ठ्या घरी आल्या, तेव्हा मी पडवीत बसून विळ्याला धार लावत होतो. उरलेल्या वीस गुंठ्यांतले भात कापायचे राहिले होते. नात चिठ्ठी घेऊन आली आणि मोठ्याने वाचू लागली, "एकशे चव्वेचाळीस, कल्याण ग्रामीण." मग थांबली, समोर बघितले आणि म्हणाली, "आबा, यातलं ग्रामीण कुठं आहे?"

मी मान वर केली. समोर आमचे वीस गुंठे. त्यांच्या तिन्ही बाजूंनी इमारती. एकीचे मजले मोजायचे तर मान दुखते. रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा, त्याच्यामागे रिक्षांची रांग. पोरीला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. "संध्याकाळी सांगतो," म्हणालो. वाचकहो, तिला जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो.

आमचे गाव कल्याण तालुक्यातले, डोंबिवलीच्या पूर्वेचे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण या पट्ट्यातल्या सत्तावीस गावांची कहाणी एकच आहे. निळजे, काटई, भोपर, संदप, उसरघर, हेदुटणे, कोळे, माणगाव, सोनारपाडा, पिसवली, गोळवली, आजदे, सागाव अशी ती गावे. वस्ती बहुतेक आगऱ्यांची. पावसाळ्यात भात, भात निघाले की ओलीवर वाल. उन्हाळ्यात राब भाजायचे, तेव्हा साऱ्या शिवारावर धूर पसरायचा. घरटी दोन म्हशी, आणि दूध डोंबिवलीला. साठच्या दशकात डोंबिवलीला एमआयडीसी आली. काहींच्या जमिनी त्यात गेल्या, काहींना कारखान्यात काम मिळाले. तरी गाव गावच होते.

माझे वडील ग्रामपंचायतीचे पंच होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण ठराव कसा लिहायचा हे त्यांना पक्के ठाऊक. सभा देवळात भरायची. विहिरीचा गाळ कधी काढायचा, बांधावरची वाट कोणी अडवली, दिवाबत्तीचे पैसे कुठून आणायचे, असले विषय असत. भांडणे व्हायची, पण समोरासमोर. ज्याच्याशी भांडलो त्याच्याच बैलांबरोबर दुसऱ्या दिवशी आपले बैल जुंपायचे, म्हणून भांडणालाही एक मर्यादा असे.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महापालिका अस्तित्वात आली आणि आमची सत्तावीस गावे तिच्यात गेली. ग्रामपंचायती संपल्या. वडील पंचायतीचे दप्तर जमा करून आले, त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, "आता विहिरीचा गाळ काढायचा तर विचारायचं कोणाला?"

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. मला त्यांचे हसू आले. वाटले, महापालिका म्हणजे नळ, गटार, दवाखाना, डांबरी रस्ता. विहिरीची काय पत्रास! पण शहराची भूक मोठी असते. आधी शहरातले जुने वॉर्ड, मग नव्या वसाहती, आणि उरलेच तर गावे. वर्षे गेली, घरपट्टीची बिले वेळेवर येत राहिली, बाकीचे सावकाश. गावोगाव कुरकुर सुरू झाली, तिची चळवळ झाली, संघर्ष समिती उभी राहिली. सर्व पक्षांची माणसे तिच्यात होती. अखेर २००२ च्या जुलैत शासनाने सत्तावीस गावे महापालिकेतून वगळली. त्या दिवशी आमच्याकडे गुलाल उधळला. वडील तो दिवस बघायला नव्हते.

आता खरे बोलतो. पुन्हा ग्रामपंचायत आली आणि पुढे एकदा मीही सदस्य झालो. आम्ही तिचे सोने केले काय? नाही. त्याच वर्षांत आमच्या शिवारात चाळी उठल्या, चार-चार मजली इमारती उठल्या. कोणाच्या परवानगीने, हे कोणी विचारले नाही. बांधणारा आमच्यातलाच, जमीन विकणारा आमच्यातलाच. मीही माझी दोन शेते त्याच काळात विकली. मुलीचे लग्न होते, घर बांधायचे होते, आणि भाताचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढे नियोजनाचे अधिकार एमएमआरडीएकडे गेले. म्हणजे कर ग्रामपंचायतीला, नकाशा एमएमआरडीएचा, आणि गटार कोणाचे ते कोणालाच माहीत नाही.

मग १ जून २०१५ रोजी गावे पुन्हा महापालिकेत आली. २०२० साली सत्तावीसपैकी अठरा गावे काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करायचे ठरले. अधिसूचनाही निघाली. पण त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कायद्याने सांगितलेली पद्धत पाळली नाही म्हणून. गावे पुन्हा महापालिकेत.

शिळफाट्यापलीकडच्या चौदा गावांचेही तेच. दहिसर, नावाळी, वाकळण, भंडार्ली, उत्तरशीव, गोठेघर या बाजूची ही गावे. १९९२ साली नवी मुंबई महापालिका झाली तेव्हा ती आत होती. तिथल्या लोकांनी आंदोलन केले, २००७ मध्ये ती बाहेर आली. मग सोयींसाठी परत आत जायची मागणी झाली, आणि २०२४ मध्ये त्यांना पुन्हा नवी मुंबईत घालण्यात आले. मधल्या काळात भंडार्लीला ठाणे शहराचा कचरा येऊन पडत होता. गाव कोणाचेच नसले की कचरा सगळ्यांचा होतो.

माझ्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वडिलांच्या हातच्या ग्रामपंचायतीच्या पावत्या आहेत, त्यावर महापालिकेच्या, त्यावर पुन्हा ग्रामपंचायतीच्या, आणि सगळ्यांत वर पुन्हा महापालिकेच्या. घर एकच, उंबरा एकच, मालक तीनदा बदलला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते आम्ही असे अनुभवले.

हे झाले गावाचे. आता मतदारसंघाचे सांगतो, कारण नातीचा प्रश्न त्याचा होता.

मी विधानसभेला पहिले मत दिले ते १९७८ साली. तेव्हा मतदानाला एकविसावे वर्ष लागायचे. मतदारसंघ मोठे होते. आमच्या पट्ट्यातल्या गावांची मते कल्याण आणि अंबरनाथ अशा लांबरुंद मतदारसंघांत पडत. कल्याणहून प्राध्यापक राम कापसे निवडून यायचे. अंबरनाथहून १९९०, १९९५ आणि १९९९ असे तीनदा साबीर शेख आले आणि युतीच्या राज्यात कामगारमंत्री झाले. २००४ साली तिथे किसन कथोरे आले. मतदारसंघ पसरट होते हे खरे, पण त्यांत गावे पुष्कळ होती. उमेदवाराला बांधावर यावेच लागे. खळ्यावर बसून चहा घ्यावा लागे.

२००८ साली हे सगळे बदलले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने देशभरचे मतदारसंघ नव्याने आखले, २००१ च्या जनगणनेवरून. महाराष्ट्राच्या जागा २८८ च राहिल्या. पण तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या १३ जागांच्या २४ झाल्या. पालघर वेगळा झाला तो पुढे, २०१४ साली. वाचकहो, इथे जरा थांबा. एकूण भाकरी तेवढीच आणि एकाच्या ताटात अकरा तुकडे जास्त पडले, तर ते कोणाच्या तरी ताटातून आले असणार. कोल्हापूर जिल्ह्याच्या १२ जागा होत्या, त्या १० झाल्या. शहरांकडे माणसे गेली, माणसांमागून जागा गेल्या. जी पोरे गाव सोडून डोंबिवलीला, दिव्याला खोली घेऊन राहिली, ती आपल्याबरोबर गावाची आमदारकीही घेऊन गेली, असेच म्हणायचे.

त्या आखणीत 'कल्याण ग्रामीण' हा नवा मतदारसंघ जन्माला आला. त्यात आमच्या सत्तावीस गावांतली बरीच गावे, शिळफाट्याकडची चौदा गावे, आणि ठाणे महापालिकेतला दिवा व भोवतालचा भाग. दिवा म्हणजे लोकलला लोंबकळणाऱ्या कष्टकऱ्यांचे गाव. त्यांचे प्रश्न खरे आहेत, पण ते गाडीचे, पाण्याचे, फाटकाचे. सातबाऱ्याचे नाहीत. दोघांची मोट एक बांधली आणि वर पाटी लावली 'ग्रामीण'.

ही आखणी कोणी चोरून केली नव्हती. आधी मसुदा प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रांत छापून येतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. तसा तो छापून आला होता. मला ते कसे आठवते सांगू? त्या कागदात मी वालाचे बी बांधून ठेवले होते. पुढच्या हंगामात पुडी सोडताना गावांची नावे दिसली, तेव्हा मुदत कधीच टळलेली होती. ग्रामपंचायतीचा सदस्य होतो, देवळात सभा बोलावून ठराव करणे माझ्या हातात होते. केला नाही. ठरावाने आखणी बदललीच असती असे म्हणत नाही. पण आमचे म्हणणे कुठल्या तरी कागदावर तरी राहिले असते. बैल गेला अन् झोपा केला, असे झाले.

पहिली निवडणूक २००९ साली झाली. मनसेचे रमेश रतन पाटील निवडून आले, मते सुमारे ५१ हजार. काटई गावचे घराणे, आमच्याच शिवारातले. २०१४ ला शिवसेनेचे सुभाष भोईर आले, सुमारे ८४ हजार मतांनी पहिले. २०१९ ला मनसेचे प्रमोद ऊर्फ राजू पाटील, रमेश पाटलांचे धाकटे भाऊ, सुमारे ९३ हजार मते घेऊन आले. फरक अवघा सात हजारांचा, आणि त्या विधानसभेत मनसेचे ते एकटेच आमदार होते. २०२४ ला एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश मोरे आले. मते १ लाख ४१ हजार, आणि फरक ६६ हजारांच्या वर.

कोण चांगला आणि कोण वाईट, हे मी सांगत नाही. चारपैकी कोणाला मत दिले तेही सांगणार नाही, ते घरातही सांगत नाही. मला आकडे दाखवायचे आहेत. पंधरा वर्षांपूर्वी ५१ हजार मतांत जिथे आमदार होता येत होते, तिथे आता १ लाख ४१ हजार लागतात. ही वाढ आमच्या पाळण्यांतून झालेली नाही. ती इमारतींच्या मजल्यांतून झाली. आधीचे तीन विजय गावाकडच्या आडनावांचे, पाटील आणि भोईर. चौथे आमदार डोंबिवली शहरात पक्षाचे शहरप्रमुख म्हणून काम केलेले. यात त्यांचा काही दोष नाही. जिथे मते तिथून आमदार, हा लोकशाहीचा साधा हिशेब आहे. पण गावाचे पारडे किती हलके झाले ते त्यावरून कळते.

पारडे हलके झाले की काय होते, ते दोन गोष्टींवरून सांगतो.

आमच्याजवळ नेवाळी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे विमानतळासाठी सोळाशे एकरांहून जास्त जमीन घेतली. युद्ध संपले, इंग्रज गेले, विमाने गेली. जमीन मूळ शेतकऱ्यांच्या नावावर परत झाली नाही. लोक तिच्यात भात पिकवत राहिले, कागदावर मात्र मालक सरकार. २०१७ च्या जूनमध्ये नौदलाच्या कुंपणभिंतीवरून तिथे आंदोलन पेटले. गाड्या जळाल्या, पोलीस जखमी झाले, शेतकरीही जखमी झाले. हिंसा वाईटच. पण पाऊणशे वर्षे जो प्रश्न सभागृहात सुटला नाही, तो रस्त्यावर आला. आज निळजे, घेसर, काटई, कोळे, हेदुटणे, माणगाव, संदप, उसरघर, घारिवली आणि भोपर या दहा गावांच्या सुमारे १,०८९ हेक्टरांवर विकास केंद्राचा आराखडा आखलेला आहे. जमीन आमची, आराखडा वरचा. त्यावर बोलायला सभागृहात माणूस लागतो, आणि त्या माणसाला आमच्या मतांची गरज लागावी लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ७ मे २०२२ रोजी संदपच्या खदाणीत एकाच कुटुंबातली पाच माणसे बुडाली. घरी पाणी नव्हते म्हणून कपडे धुवायला गेली होती. त्यांत मुले होती. खदाण म्हणजे डोंगर फोडून नेल्यावर उरलेला खड्डा. त्या डोंगराच्या खडीवर शहर उभे राहिले आणि खड्डा गावाला उरला. त्या दिवशी वडिलांचा प्रश्न मला आठवला. विहिरीचा गाळ काढायचा तर विचारायचं कोणाला? मी ज्याला हसलो होतो, तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

कोणी म्हणेल, आजोबा, तुमचे गाव आता शहर झाले, रडता कशाला? मी रडत नाही. इमारतीतली माणसेही कोणाची तरी लेकरे आहेत. त्यातली कित्येक तुमच्याच जिल्ह्यांतून, दुष्काळामुळे नाहीतर तुकड्याच्या शेतीमुळे इथे आलेली आहेत. टँकरपुढे तीही आमच्याच रांगेत उभी असतात. माझे म्हणणे एवढेच, की आम्ही शहर झालो तर आम्हाला शहराचे पाणी मिळावे, आणि गाव राहिलो तर गावाचा ठराव चालावा. नावाने ग्रामीण, कराने शहरी आणि पाण्याने अनाथ, असे कोणाचे होऊ नये.

आता तुमचे. तुम्ही जुन्नरला असाल, सिन्नरला असाल, कागलला असाल. वाटत असेल, मुंबईजवळच्यांची ही दुखणी आहेत. तसे नाही. २०२७ च्या जनगणनेची घोषणा झालेली आहे, आणि १ मार्च २०२७ हा तिचा दिवस धरला आहे. लोकसभा-विधानसभांच्या जागांचा एकूण आकडा घटनेने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेला आहे. म्हणजे पुढची आखणी आज ना उद्या यायचीच. तेव्हा कोणाच्या ताटातून तुकडा जाईल ते आत्ताच सांगता येत नाही. आणि तुमच्या तालुक्याच्या गावालगत नगरपरिषदेची हद्द वाढतच असेल. ती हद्द विचारून येते, पण अगदी हळू आवाजात विचारते.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, हद्दवाढीची किंवा मतदारसंघाची अधिसूचना निघाली की ती गावातल्या शिकलेल्या पोरांकडून देवळात मोठ्याने वाचून घ्या. त्या कागदात बी बांधू नका. दुसरी, हरकत असो वा संमती, ग्रामसभा भरवून लेखी ठराव करा, मुदतीच्या आत द्या आणि पोच घ्या. तोंडी गाऱ्हाण्याला कार्यालयात जागा नसते. तिसरी, आत जायचे की बाहेर राहायचे, हे ठरवताना गुलालाकडे बघू नका. पाणी कुठून येणार, कर किती, बांधकामाची परवानगी कोण देणार, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. आम्ही दोनदा गुलाल उधळला, कागद एकदाही घेतला नाही.

मत टाकण्याचा दिवस पाच वर्षांनी येतो आणि त्याचा गाजावाजा होतो. पण तुमच्या मताचे वजन ठरते ते सीमा आखण्याच्या दिवशी. त्या दिवशी ना लाऊडस्पीकर असतो ना जेवणावळ. तो दिवस ओळखायला शिका.

त्या संध्याकाळी हे सगळे मी नातीला सांगितले. पत्र्याची पेटी उघडून पावत्या दाखवल्या. ती बराच वेळ पणजोबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सहीकडे बघत होती. मग म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी कागद आला की मला द्या. मी वाचेन."

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघे बरोबर गेलो. शाळेत रांग मोठी होती, ओळखीचे चेहरे थोडे. परत आलो आणि तिने बोटाची शाई सांभाळत माझ्याबरोबर वीस गुंठ्यांतले भात कापू लागली. तिला विळा नीट धरता येत नव्हता. शिकेल.